मशीन थांबलं की

गेल्याच्या गेल्या दिवाळीला मी माझ्या मुलीचा फ्रॉक माप न घेता शिवला. आदल्या दिवाळीचा कागदी नमुना खिळ्याला टांगलेला होता. तोच कापडावर ठेवला, खडू फिरवला, कात्री चालवली. फ्रॉक तिला असा बसला की कुठे टाचणी लावायला जागा उरली नाही. मी शिंपी आहे, तिसऱ्या पिढीचा. म्हैसूरच्या अग्रहारात माझं कोट-सुटाचं छोटं दुकान आहे. त्या आठवड्यात दुकानात जो आला त्याला मी हे ऐकवलं. पोरीला टेप लावली नाही, तरी एका दोऱ्याचा फरक नाही, बघा आमची नजर! लोक मान डोलवायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्या फ्रॉककडे मी परत येणार आहे, कारण माझं सगळं आजारपण त्याच्यापाशीच येऊन ठेपलं. पण आधी रक्तदाबाचं सांगतो. ज्यांना ऐन उमेदीत हा रोग लागला आणि सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही, त्यांच्यासाठी लिहितो आहे. आमची घरची मराठी अर्धी कन्नड असते. लिहिताना पुस्तकी लिहायची धडपड केली आहे, कुठे शिवण तिरकी गेली असेल तर सांभाळून घ्या.

कोटावरचा डाग

माघातले लग्नाचे दिवस होते. माझं वय एक्केचाळीस. आठ दिवस डोकं ठणकत होतं आणि मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणून गिळत होतो. त्या सकाळी माझ्या मुलीने, चिन्नीने, माझी कापडाची कात्री शाळेच्या चार्टच्या कागदाला लावली. शिंप्याच्या घरात याहून मोठा गुन्हा नाही, कागदाने कात्रीची धार जाते. मी ओरडलो, कात्री फरशीवर आपटली, इडली ताटात तशीच टाकली आणि विजयनगर भागातल्या घरातून तणतणत दुकानाला निघालो. चिन्नी तेव्हा आठ वर्षांची होती.

अकराच्या सुमाराला एका नवरदेवाच्या मोतिया रंगाच्या कोटाची कॉलर हाताने शिवत बसलो होतो. कॉलरवर लाल ठिपका पडला. मला वाटलं, बोटाला सुई लागली. मग दुसरा पडला, तिसरा पडला. नाकातून रक्त येत होतं. माणूस अशा वेळी काय करेल? मी कोटाला थुंकी लावून डाग चोळत बसलो. आपल्या रक्ताचा डाग आपल्याच थुंकीने निघतो, असं आमच्या धंद्यात सगळे मानतात.

"कोट राहू दे रे राजू, आधी मान वर कर," मंजण्णा म्हणाला. मंजण्णा माझा कारागीर. साठी उलटलेला, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचा.

मान वर केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा डावा अर्धा भाग दिसेनासा झाला. मी डोळे चोळले. अर्धा महिना गायब तो गायबच. मंजण्णाने रिक्षा बोलावली तेव्हा मी त्याला दहा वेळा विचारत होतो, "तुला दिसतंय का तिथे? सोमवार दिसतोय का?"

हॉस्पिटलमध्ये नर्सने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला आणि दुसरं मशीन आणायला गेली. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. वरचा आकडा दोनशे चाळीसच्या पुढे होता. "तुम्ही आत चालत आलात?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. त्यानंतर मला कोणी चालू दिलं नाही.

बहुतेक

पाच दिवस आयसीयूत होतो. दर पंधरा मिनिटांनी दंडावरचा पट्टा आपोआप फुगायचा, आवळायचा, सोडायचा. डोळा लागला की तो आवळे. शेजारच्या पलंगावर एक म्हातारे मास्तर होते, ते प्रत्येक वेळी माझा आकडा मोठ्याने वाचून दाखवायचे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यावरही खेकसलो. आकडा अजून वर गेला आणि त्यांनी तोही वाचला.

डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्यावर रक्त उतरलंय, निघून जाईल बहुतेक. त्या 'बहुतेक'ने माझी झोप उडवली. शिंप्याला पाय नसले तरी तो मोटरवर मशीन चालवेल, पण डोळा गेला तर काय करेल? चौथ्या दिवशी झाडलोट करणाऱ्या बाईंना माझी दया आली. त्यांनी पदराला खोचलेली सुई आणि हातभर दोरा आणून दिला. "ओवून बघा, उगाच रडत बसू नका," असं त्या कन्नडात म्हणाल्या. अकरा वेळा चुकलं. बाराव्यांदा दोरा आरपार गेला. बाईंनी सुई परत घेतली आणि बादली उचलून पुढच्या पलंगाकडे गेल्या. त्यांचं नावही मी विचारलं नाही, ते राहूनच गेलं.

माझी बायको सरोजा रोज दोन वेळा यायची. चिन्नीला आत सोडत नव्हते. एकदा तिला काचेच्या दारापर्यंत आणलं. मी हात हलवला, तिने नाही हलवला. नुसती बघत राहिली. नळ्या बघून घाबरली असेल असं मी समजलो.

मूत्रपिंडं तपासली, ग्रंथी तपासल्या, रक्त किती वेळा काढलं ते आठवत नाही. सगळं चोख. चोख रिपोर्ट बघून आनंद व्हायला हवा, पण मला घाम फुटायचा. चोर घरात आहे आणि सगळ्या कड्या आतून लावलेल्या आहेत, असं वाटायचं.

माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर मॅडम माझ्याहून लहान होत्या, बोलायला सरळ. आमचं बोलणं कन्नडात व्हायचं, इथे मराठीत लिहितो. "गोळ्या देते, पण कारण कळलं नाही तर गोळ्या पुऱ्या पडणार नाहीत," त्या म्हणाल्या. "या वेळी डोळ्यावर निभावलं. पुढच्या वेळी मेंदू असू शकतो." मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "लहानपणी घरात कसं होतं?"

"चांगलं होतं," मी म्हणालो.

"कोणी मारायचं?"

माझं डोकंच फिरलं. बीपीचा आणि याचा काय संबंध? "आमचे वडील विठ्ठलाच्या देवळात भजन म्हणायचे," मी म्हणालो. "सगळं अग्रहार त्यांना ओळखायचं." हे काही त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्यांनी ते लिहून घेतलं.

करंट गेला

घरी सोडताना त्यांनी सांगितलं, पंधरा दिवसांनी कामाला लागा आणि मग एक चोवीस तासांचं मशीन लावू. दंडाला पट्टा, कमरेला डबी. अर्ध्या अर्ध्या तासाने डबी आपोआप बीपी घेते आणि साठवते. त्या वेळी आपण काय करत होतो, ते वहीत लिहायचं.

मी इमानेइतबारे लिहिलं. साडेअकरा: मंजण्णा कॉफीला गेला. दोन: जेवण. साडेचार: करंट गेला. पाच: करंट आला, पँटची शिलाई. अशी दोन पानं भरली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कागदावर छापलेली रेघ माझ्यासमोर ठेवली. दिवसभर रेघ ठीक चालली होती आणि मध्येच तीन ठिकाणी सुळका उभा.

"साडेअकराला काय झालं? कोणी भांडलं?"

"नाही. मंजण्णा कॉफीला गेला होता. मी सुम्ने बसलो होतो." सुम्ने म्हणजे उगाच, काही न करता.

"दोन वाजता?"

"जेवत होतो."

"आणि साडेचारचा सगळ्यात उंच आहे. करंट गेल्यावर तुमच्या गल्लीत काय होतं?"

"काय व्हायचंय? आमच्या रांगेत पाच शिंपी आहेत. करंट गेला की सगळी मशीनं थांबतात."

"मग?"

"मशीन थांबलं की आप्पा उठतात."

मी हे म्हणालो. विचार करून म्हणालो नाही, तोंडातून निघून गेलं. मॅडमनी विचारलं, "आप्पा कुठे असतात?"

"वारले," मी म्हणालो. "बारा वर्षं झाली."

चाळीसपर्यंत

ज्याला हे कधी भोगावं लागलं नाही त्याला कळावं म्हणून सांगतो. अग्रहारात आमचं दुकान पुढे आणि घर मागे होतं, मध्ये एक पडदा. पुढे आप्पा पायमशीन चालवायचे. मागे आई, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आक्का. मशीनची खडखड चालू आहे तोवर आम्ही श्वास घेत होतो. खडखड थांबली की मोजायचं, हे आक्काने मला शिकवलं होतं. सुईत दोरा ओवायला वीस आकडे लागतात. खालची बॉबिन बदलायला चाळीस. चाळीसच्या पुढे आकडा गेला आणि खडखड सुरू झाली नाही, म्हणजे आप्पा उठले.

उठले की रोज मारायचेच असंही नव्हतं. कधी पाणी पिऊन परत जायचे. कधी माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. आणि कधी कापड मोजायचा लाकडी गज हातात असायचा. काय होणार ते पडदा बाजूला होईपर्यंत कळायचं नाही. मार लक्षात राहिला नाही इतकं ते मोजणं लक्षात राहिलं. आप्पा दारू पीत नव्हते. एकादशीला त्यांनी अभंग लावला की देवळात बाया पदर डोळ्यांना लावायच्या. खरं सांगतो, मलाही रडू यायचं. त्यांच्याबद्दल एकच काहीतरी वाटावं अशी सोय त्यांनी ठेवली नाही.

मॅडमनी समजावलं ते साध्या शब्दांत असं: मूल वर्षानुवर्षं घाबरून राहिलं की शरीर तीच सवय धरतं. पुढे भीतीचं कारण निघून जातं, पण ते शरीराला कोणी कळवत नाही. मग हृदय, रक्तवाहिन्या चाळिशीतच थकतात. "काही मुलांची तर त्या काळात वाढही थांबते," त्या म्हणाल्या. "तुमची उंची तेव्हा वाढत होती का, हे आता कळायला मार्ग नाही म्हणा. घरात कोण लिहून ठेवतं?"

"आमच्या घरात लिहून ठेवतात," मी म्हणालो.

मेलिनंते

आप्पांची मापांची वही आक्काकडे होती. आक्का हूटगळ्ळीला राहते, भावोजी तिथल्या कारखान्यात आहेत. रविवारी बसने गेलो. आक्काला पंचविशीपासून दमा आहे आणि पस्तिशीत मधुमेह झाला. मी तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. मनात आशा होती की ती म्हणेल, तसं काही नव्हतं रे, तू फार मनाला लावून घेतोस.

ती हसली, हसता हसता खोकली. "मला साखर, तुला बीपी. आप्पांनी वाटणी बरोबर केली बघ. कोणाला कमी नाही, कोणाला जास्ती नाही."

"म्हणजे खरं आहे?"

"अय्यो, तू मला विचारतोस? तुझ्या वाटचं मी मोजायची नाही काय? तू तीसलाच चड्डी ओली करायचास."

वही तिने ट्रंकेतून काढली. आप्पा कन्नड लिपीत लिहायचे. गिऱ्हाइकांच्या मापांमध्ये वर्षातून दोनदा, उगादीला, म्हणजे गुढीपाडव्याला, आणि दिवाळीला, आमची मापं. नव्या कपड्यांसाठी घेतलेली. आक्काने बोट ठेवलं. राजू, वय सात, उगादी. शर्टाची उंची सतरा इंच, छाती तेवीस, बाही साडेसहा. त्याच वर्षीची दिवाळी: उंची सतरा, छाती तेवीस, बाही साडेसहा. पुढची उगादी: 'मेलिनंते', म्हणजे वरीलप्रमाणे. पुढची दिवाळी: मेलिनंते.

"आई दावणगेरेला माहेरी जाऊन राहिली होती ती दोन वर्षं," आक्का म्हणाली. "आपल्याला त्यांच्यापाशी ठेवून."

त्यापुढच्या उगादीला आई परत आली होती. शर्टाची उंची साडेअठरा.  मी शिंपी आहे हो. रोज कोणाच्या तरी मुलाचं माप घेतो. सात वर्षांच्या पोराचं माप दोन वर्षं एकच, हे जगातल्या कुठल्याही शिंप्याला बघताक्षणी खटकायला हवं. आप्पांना खटकलं नाही.

"खटकायचं कसलं! मिरवायचे ते," आक्का म्हणाली आणि तिने आप्पांचा आवाज काढला. नक्कल तिला लहानपणापासून छान जमते. "'आमचा पोर मापाचा पक्का! एका कागदावर चार शर्ट काढले, एका दोऱ्याचा फरक नाही!' दुकानात येईल त्याला सांगायचे. आठवत नाही तुला?"

मला आठवलं नाही. मला वेगळंच काहीतरी ऐकू आलं. दिवाळीच्या आठवड्यातला माझा स्वतःचा आवाज.

"काय झालं रे? तोंड का असं केलंस? गोळी घेतलीस ना?"

मी चहा तसाच ठेवला आणि उठलो. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून एकच हिशेब करत होतो. मुलांच्या कपड्यांना घेराच्या आत आपण दोन बोटं जादा कापड दुमडून ठेवतो, वाढत्या अंगासाठी. चिन्नीच्या एकाही फ्रॉकची ती दुमड उसवल्याचं मला आठवत नव्हतं.

टेप

घरी पोचलो तेव्हा चिन्नी अभ्यास करत होती. मी गळ्यात टेप घातली आणि म्हणालो, "ये, उगादीचं माप घेऊ."

ती उठून माझ्यासमोर उभी राहिली. हात अंगाला चिकटलेले, खांदे वर, श्वास रोखलेला. हजारो माणसं माझ्यासमोर मापाला उभी राहिली आहेत. माणूस कसा उभा आहे यावरून तो कसा आहे ते मला कळतं, अशी माझी दुसरी एक घमेंड. आणि ही पोर माझ्यासमोर अशीच उभी राहत आली होती. ती गुणी आहे, हलत नाही, असं मी म्हणायचो.

दीड वर्षापूर्वीच्या नमुन्याशी ताडून पाहिलं. पाव इंच. तोही टेप मी सैल धरली म्हणून असेल.

मी टेप हातात धरून खाली बसलो. तेवढ्यात तिने अगदी हळू विचारलं, "पप्पा, बीपी वाढलं काय?"

"नाही गं."

"मी कात्रीला हातच लावत नाही आता. नक्की. मम्मीला विचारा."

मला पहिल्यांदा कळेना ही कुठल्या कात्रीचं बोलते आहे. मग कळलं. काचेच्या दारात उभी राहून ती नळ्यांना घाबरली नव्हती. आपण कागद कापला म्हणून पप्पा तिथे पडलेत, हे ती बघत होती. दोन महिने ती हे मनात धरून शाळेत जात होती, जेवत होती, माझ्या गोळ्यांचा डबा आणून देत होती.

ताटं

त्या संध्याकाळी माझं आणि सरोजाचं कडाक्याचं वाजलं. चिन्नीला खालच्या मजल्यावर मालकीणबाईंकडे पाठवलं होतं.

"मी तिला आजवर बोट लावलं नाही!" मी म्हणालो. माझ्या आयुष्यातला हा एकच पदक लावण्यासारखा पराक्रम होता. आप्पांचा गज मी त्यांच्या तेराव्यानंतर फेकून दिला होता.

"नाही लावलं, खरं आहे," सरोजा म्हणाली. "ताटं फेकली. दार आपटलं. चार चार दिवस बोलला नाहीत. तुम्ही घरी मशीनवर बसता ना संध्याकाळी, तेव्हा मी स्वयंपाकघरात कशी असते बघितलंय कधी? मशीन थांबलं की चिन्नी पेन्सिल थांबवते. माझ्याकडे बघते. मी मानेने 'काही नाही' म्हणते, तेव्हा पुढे लिहिते."

"तू मला सांगितलं नाहीस!"

"कोणत्या तोंडाने सांगू? आता तर डॉक्टरच म्हणतात, ह्यांना त्रास देऊ नका. घरात सगळे चवड्यावर चालतो आम्ही." ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "तुमचं बीपी वाढेल म्हणून मीच तिला गप्प बसवते. माझंही चुकतंय ना, अल्वा?"

मला ओरडायचं होतं.  पण ओरडून सिद्ध काय होणार होतं? मी जमिनीवर बसलो. घरातलं ते पायमशीन आप्पांचंच, मी हौसेने ठेवून घेतलेलं. त्याच्या पायाशी बसलो आणि मला माझी लाज वाटली. दुसरा कुठला शब्द मला सापडला नाही, अजूनही सापडत नाही.

यावेळचं उत्तर

मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं, मनगटाचा एक्स-रे काढला. दोन दिवस रिपोर्टची वाट बघताना मी देवळात जाऊन काय मागितलं, ते सांगायला संकोच वाटतो. काहीतरी साधा रोग निघू दे, असं मागितलं. थायरॉइड निघू दे, जंत निघू देत. माझ्यावाचून दुसरं काही निघू दे.

काही निघालं नाही. सगळं चोख. डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, "घरात कसं आहे?"

तोच प्रश्न. 'चांगलं आहे' हे शब्द जिभेवर आले होते. सरोजा माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती.

"तिला माझी भीती वाटते," मी म्हणालो.

एवढंच वाक्य. दोनशे चाळीस बीपी घेऊन मी हॉस्पिटलच्या पायऱ्या चढलो होतो, त्यापेक्षा हे जड गेलं. डॉक्टर म्हणाले, वय लहान आहे, वेळ गेलेली नाही. दर तीन महिन्यांनी माप घेऊ, पुढच्याही तपासण्या करू, पण औषध घरातच आहे. खात्री मात्र देत नाही, असंही म्हणाले. पुन्हा तेच 'बहुतेक'.

थांबतोय

मग काय केलं? मोठं काही नाही. एका समुपदेशक बाईंकडे मी दर आठवड्याला जायला लागलो. पहिले चार आठवडे नुसता खुर्चीत बसून यायचो. गोळ्या चालू आहेत आणि जन्मभर चालतील. जे झालं ते शरीरातून उसवून काढता येत नाही, हे मॅडमनी आधीच सांगितलंय. राग अजून येतो. आला की बाहेर जाऊन दोन चकरा मारून येतो आणि परत आल्यावर सांगतो, "मला राग आला होता, तुझ्यावर नाही." पहिल्यांदा हे म्हणताना मला नाटकात काम केल्यासारखं वाटलं.

कात्रीचं मी चिन्नीला समोर बसवून सांगितलं. पप्पांचं बीपी पप्पा तुझ्याएवढे होते तेव्हापासूनचं आहे, तुझ्या कागदाने काही झालं नाही. तिने ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी माझी जुनी कापडाची कात्री तिच्या दप्तरात घातली, चार्ट कापायला. मंजण्णाला सांगितलं तर त्याने कपाळावर हात मारला.

आणि एक सुरू केलं. संध्याकाळी घरी मशीनवर बसलो की थांबायच्या आधी मोठ्याने सांगायचं. "थांबतोय गं, दोरा ओवायचाय." "थांबतोय, चहा प्यायला." "थांबतोय, पाठ दुखतेय." सरोजाला हसू यायचं. खालच्या मालकीणबाईंनी विचारलं, तुमचे हे कोणाशी बोलतात?

तीन महिन्यांनी माप घेतलं, काही फरक नव्हता. मी टेप गुंडाळली आणि गच्चीवर जाऊन उभा राहिलो. पुढच्या तीन महिन्यांनी अर्धा इंच. मी तीनदा मोजलं, मग सरोजाला मोजायला लावलं, मग रविवारी आक्काला. दिवाळीला तो जुना नमुना खिळ्यावरून काढून फाडला आणि नवीन कापला. हॉस्पिटलात माझ्या दंडाला परत चोवीस तासांचा पट्टा लावला तेव्हा करंट गेल्यावरचा सुळका होता, पण निम्म्यावर आलेला.

तरी मला खरं उत्तर टेपने दिलं नाही. ते परवा मिळालं. मी मशीनवर होतो. आत चिन्नी सातची मग्गी म्हणत होती, मग्गी म्हणजे पाढा, शाळेत कन्नडात असतो. दोरा तुटला आणि मशीन थांबलं. मी सांगायला विसरलो होतो. हात हवेत तसेच राहिले आणि माझ्याही नकळत मी मोजायला लागलो. दहा. वीस. आतून आवाज येत होता. तीस. स्वयंपाकघरात सरोजाचं पोळ्या लाटणंही थांबलं होतं, तिलाही कळलं होतं. चाळीस. पंचेचाळीस.

"एळु ओंबत्तल अरवत्तमूरु," चिन्नी म्हणाली, सात नवे त्रेसष्ट. "एळु हत्तल एप्पत्तु." मग एक घोट पाणी प्यायली आणि आठची मग्गी सुरू केली.